मुरबाडची गिअरबॉक्स आणि ताईचं माहेर

अ‍ॅम्ब्युलन्समधून माहेरी यायला ताईनं साफ नकार दिला, तिथून हा प्रवास सुरू झाला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सरळगावच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून चारेक किलोमीटर आत तिचं सासर. दीड वर्षापूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आता ती उभी राहते, घरात चालते, तुळशीला पाणी घालते. पण बसणं जमत नाही. दहा मिनिटं बसली की पायात कळ उतरते. ऑपरेशनला जाण्याआधी ती आमच्या गावदेवीला नवस बोलली होती, पायांवर उभी राहिले तर तुझी ओटी भरायला येईन. उभी राहिली, यायचं मात्र राहून गेलं. एसटीत आडवं कोण होऊ देणार? जीपमध्ये तर माणूस माणसाच्या मांडीवर. दाजींनी अ‍ॅम्ब्युलन्सचं काढलं तेव्हा ती म्हणाली, "माहेरी कोन आंब्युलन्सनं जातं का? दारात थांबली का गावाला वाटंल, हिला पोचवायलाच आनलीय."

माझ्याकडे एक जुनी स्टेशन वॅगन आहे. लांब डिकीची, डिझेलची, वयानं बावीस वर्षांची. मागची सीट पाडली की सहा फुटांचं सपाट अंथरूण होतं. दोन वर्षं ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, कारण दुसरा गिअर टाकला की आपोआप सुटून बाहेर यायचा. चढावर मी उजव्या हातानं स्टिअरिंग आणि डाव्यानं गिअरचा दांडा दाबून धरायचो. अशा गाडीत मणक्याचं माणूस घालायची हिंमत नव्हती.

जुन्या गिअरबॉक्सचे आतले भाग मिळेनात. शेवटी मुरबाडच्या बाळाराम मिस्त्रींनी तोडगा काढला. याच कंपनीच्या नंतरच्या पिकअपची गिअरबॉक्स या इंजिनावर बसते, पण लांबीला चार बोटं जास्त आहे. थोडं कापावं लागेल, थोडं जोडावं लागेल. मी पावसाळाभर सुट्टीच्या दिवशी गाडीचं बाकीचं काम हातानं केलं. तळाची गंजलेली जमीन कापून पत्रा मारला, दारांची रबरं बदलली, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांना नवी बुशिंग घातली. भाताची कापणी उरकल्यावर चार दिवस रजा टाकली आणि निघालो.

पहिला दिवस शहापूरजवळच्या आमच्या गावाहून मुरबाड, तीसेक किलोमीटर. सापगावच्या पुलावरून भातसा ओलांडली की रस्ता मोकळा होतो. दोन्हीकडे कापलेली खाचरं, खळ्यांवर भाताचे भारे, झोडणीचा थप थप आवाज. बाईकवाल्यांसाठी सांगतो, रस्ता बरा आहे, पण वळणांवर पेंढ्याच्या गाड्या अचानक समोर येतात आणि डांबरावर पेंढा पडलेला असतो, त्यावर ब्रेक दाबू नका. मी दुसरा गिअर न वापरता, पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जात, दीड तासात पोचलो. मुरबाडच्या स्टँडजवळ मिसळ खाल्ली. वरून तर्री मागू नका, न मागताही मिसळ पुरेशी तिखट असते.

मिस्त्री साठीच्या घरातले. गाडीखाली शिरताना आधी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावतात. त्यांनी दांडा हलवून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, हिला एवढे दिवस चालवली कशी?"

"हातानं धरून."

"मंग आता हात मोकळा करतो तुमचा. कुनाला नमस्कार करायला तरी होईल."

संध्याकाळी जीपनं ताईकडे मुक्कामाला गेलो. ती पडवीत खाटेवर कुशीवर पडून वाल सोलत होती. पहिला प्रश्न तोच, "झाली का गाडी?"

"आज तर खोलली."

"खोललेली गाडी आन् खोललेली बाई, परत बसवनारा हुशार पायजे," ती म्हणाली. दाजी आतल्या आत हसले.

दुसरा आणि तिसरा दिवस मी मिस्त्रींच्या शेडमध्येच काढला. ज्यांना असं काम करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं तपशिलात लिहितो. गिअरबॉक्स लांब असल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट तेवढाच आखूड करावा लागला. ते काम लेथवाल्याचं. कापून, जोडून, फिरवून तोल पाहिला नाही तर गाडी थरथरते. गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर टेकते ती नवी बनवली. वायरचा क्लच काढून तेलावर चालणारा बसवला, त्यामुळे माझा डावा गुडघा मिस्त्रींचा जन्मभराचा ऋणी आहे. स्पीडोमीटरची वायर काही जुळली नाही. काटा आजही शून्यावर झोपलेला असतो. भंगारातली गिअरबॉक्स, लेथ, क्लच, मजुरी, सगळं मिळून पस्तीस हजारांच्या आत झालं. दुपारचं जेवण मिस्त्रींच्या घरचं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. गुरुवार होता म्हणून मी चटणी घेतली नाही, तर त्यांच्या घरून पाच मिनिटांत वांग्याचं भरीत आलं.

चौथ्या दिवशी सकाळी सगळं बसलं. मिस्त्रींची एक रीत आहे. नव्या बसवलेल्या गिअरबॉक्समध्ये पहिलं तेल ते स्वतः घालत नाहीत, मालकाच्या हातानं घालून घेतात. त्यांच्या वस्तादांनी घालून दिलेली रीत. गाडीच्या आत दांड्याचं झाकण उघडून, खाली जे भोक दिसतं त्यात तेल सोडायचं. त्यांनी कॅनवर हळद-कुंकू लावलं, समोर उदबत्ती लावली, कॅन माझ्या हातात दिला आणि त्याच वेळी रस्त्यावर एक टेम्पो बंद पडला म्हणून त्यांना हाक आली.

मी एकटा होतो. डोळे मिटले. दर शनिवारी मारुतीला तेल वाहतो तसं तीन वेळा बारीक धार सोडली, नमस्कार केला, कॅनचं झाकण घट्ट लावलं आणि प्रसादासारखा तो कॅन मागे जादा चाकाच्या खळग्यात नीट ठेवून दिला. मला वाटलं, मान माझा, काम त्यांचं. बाकीचं तेल ते त्यांच्या डब्यातून घालतील.

मिस्त्री आले, दांड्याचे चार स्क्रू आवळले, नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. "जावा भाऊ. ताईला आना," म्हणाले.

गाडी चालवताना जे वाटलं ते लिहायला मला नीट शब्द नाहीत. दुसरा गिअर टाकला आणि तो तिथंच राहिला. हात उचलला तरी राहिला. सरळगावपर्यंत मी विनाकारण चार वेळा दुसरा टाकून पाहिला. मिस्त्री म्हणाले तसा हात मोकळा झाला होता, तर रस्त्यावरच्या प्रत्येक देवळाला नमस्कार करत गेलो. आनंदात माणसाला इंजिनाचा आवाजही भजनासारखा वाटतो. तिथंच मी चुकलो.

ताईला आम्ही अकराला घेतलं. गादी, त्यावर गोधडी, दोन्ही बाजूंना उशा. ती मागच्या दारातून स्वतः सरकत आत गेली आणि कुशीवर पडली. दाजी माझ्या शेजारी बसले. ओटीचं सामान, खण, नारळ, तांदूळ, तिनं पोटाशी धरलं होतं. परत सरळगावला येऊन किन्हवलीचा रस्ता धरला. शहापूरला जायला हा रस्ता मला जास्त आवडतो. गर्दी कमी, सावली जास्त, आणि हवा स्वच्छ असली की डावीकडे लांबवर माहुलीचे सुळके दिसतात.

सातआठ किलोमीटर झाले असतील. मागून ताई म्हणाली, "दामू, खाली जातं फिरतंय."

"गाडीचा आवाज आहे गो ताई."

"गाडीचा नाय. गाडीचा निराळा. ह्यो खालचा. कोरडं जातं फिरवल्यावानी."

"नवीन आहे, रुळेल," मी म्हणालो.

दाजी तिला म्हणाले, "तू झोप गुमान. तो चार दिवस मिस्त्रीकडं बसून आलाय."

"तुमी दोगं वर बसलाव. माजा कान जमिनीला हाय," ती म्हणाली. "चाळीस वर्सं जातं ओढलंय मी. दाने संपले का दगडावर दगड कसा बोलतो, मला ठाव हाय. थांबव."

थांबवली. एका मोहाच्या झाडाखाली. इंजिन बंद करून मी दांड्याच्या बुडाशी हात नेला आणि चटकन मागे घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता. मिस्त्रींना फोन लावला.

"तेल किती सोडलंव तुमी?" त्यांनी विचारलं.

"तीन धारा."

 ते अगदी हळू म्हणाले, "भाऊ, तीन धारा मारुतीला. गिअरबॉक्सला दोन लिटर लागतं."

"मला वाटलं तुम्ही बघाल."

"मालकानं हातानं घातलेलं मी परत मोजायचं? तुमचा अपमान नाय का तो? तीस वर्सांत कुनाचं मोजलं नाय मी."

आम्ही दोघंही एकमेकांचा मान राखत बसलो होतो आणि मधल्या मधे गिअरबॉक्स उपाशी राहिली होती. मिस्त्री म्हणाले, अजून ओढत असेल तर जीव आहे. पाऊण तास थंड होऊ द्या, मग तेल घाला. बाजूला लेव्हलचा बोल्ट आहे तो आधी सोडा, त्यातून तेल ठिबकायला लागलं की पोट भरलं समजा.

कॅन चाकाच्या खळग्यात, खळगा गादीखाली, आणि गादीवर ताई. तिला उतरवणं भाग होतं. रस्त्यातच हिची कळ सुरू झाली, गाडीही गेली, तर पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्सच बोलवावी लागणार, आणि मग ती आयुष्यात माहेरचं नाव काढणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

ती मात्र उतरली, मोहाच्या बुंध्याला पाठ टेकून उभी राहिली आणि लांब श्वास घेतला. "दीड वर्सात घराच्या भाईर झाडाखाली उभी नव्हती मी," म्हणाली. शेजारच्या खळ्यावर झोडणी करणाऱ्या एका बाईनं तिला पाहिलं, तांब्याभर पाणी आणलं. दोघींचं लगेच सुरू झालं, कुठलं गाव, कुणाची लेक. बाईनं विचारलं, "गाडी बिगडली का?"

"गाडी नाय. भाऊ देवभोळा हाय," ताई म्हणाली. दोघी हसल्या. मी पान्हा शोधण्यात फार गुंतल्याचं दाखवलं.

पाऊण तासानं चार स्क्रू काढले. दाजींनी गाडीखाली झोपून लेव्हलचा बोल्ट सोडला. या वेळी मी डोळे उघडे ठेवून तेल ओतलं. कॅन जवळजवळ रिकामा झाला तेव्हा दाजी खालून ओरडले, "आलं, आलं, माझ्या बाहीत आलं." बोल्ट आवळला. ताई परत आत सरकली, तिनं कान जमिनीला लावला. मी पहिला, दुसरा, तिसरा टाकला. आरशात मला तिचे फक्त केस दिसत होते. किलोमीटरभर हळू चालवली.

"आता दाने पडलं," ती म्हणाली.

दाजींनी सदऱ्याच्या ओल्या बाहीनंच कपाळ पुसलं आणि तेलाचा पट्टा उमटला. मी किन्हवलीत चहासाठी थांबलो.

गावात पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. गावदेवीचं देऊळ वेशीवरच आहे, तीन पायऱ्यांचं. ताई उतरली, एक हात दाजींच्या खांद्यावर, एक माझ्या. पायऱ्यांपाशी तिनं दोघांचेही हात सोडले. एकेक पायरी चढली, उभ्यानं ओटी भरली. देवीशी ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

ती आठ दिवस राहिली. रोज सकाळी माझी बायको गाडीचं मागचं दार उघडायची आणि ताई उन्हात त्याच गादीवर पडायची. तिच्या बरोबरीच्या बाया येऊन दाराच्या कडेवर टेकायच्या. घरात खाटेवर पडलेल्या माणसाला लोक आजारी म्हणून भेटतात. गाडीत पडलेल्या ताईला कुणी तब्येत विचारली नाही. गावातल्या सगळ्या लग्नांचा आणि भांडणांचा हिशेब मात्र तिथं पुरा झाला.

मधल्या एका दिवशी मी एकटा गाडी घेऊन मुरबाडला जाऊन आलो. मिस्त्रींनी तेल काढून पांढऱ्या फडक्यावर पसरलं आणि उन्हात धरलं. बारीक चकाकी होती, कण नव्हते. "वाचली," म्हणाले आणि स्वतःच खाली बसले. नवं तेलही मीच घातलं. रीत त्यांनी सोडली नाही, फक्त आता ते लेव्हलच्या बोल्टपाशी बसून राहतात. मला ते आवडलं.

जुनी गाडी नीट करायची की विकायची असं विचारणारे बरेच निरोप या ब्लॉगवर येतात. मला सरसकट उत्तर माहीत नाही. पत्रा, रबर, शाफ्ट यांचा खर्च मांडता येतो. माझ्या बहिणीला आडवं घेऊन जाणारी दुसरी गाडी या रस्त्यावर नव्हती, एवढंच मी माझ्यापुरतं सांगू शकतो.

नवव्या दिवशी ताईला सोडायला निघालो. दाजी आधीच परतले होते, म्हणून आम्ही दोघंच. किन्हवली सोडल्यावर मी विचारलं, "ताई, आवाज येतोय का काही?" उत्तर आलं नाही. घाबरून गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं. एक हात उशीखाली, तोंड थोडं उघडं, ताई गाढ झोपली होती. मी पहिला गिअर हलक्या हातानं टाकला आणि सरळगावपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.