देहाशिवाय मिस्सा
ईस्टरच्या धुपाचा वास आला, की रेवदंड्याच्या खाडीकाठचे आमचे घर आठवते. थोरला भाऊ होडीसह बुडाला होता आणि प्रेत मिळाले नव्हते. फादर त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे मृतासाठीची चर्चमधली प्रार्थना, ठरवायला आले. वहिनीने नकार दिला. "कबरीत देह न्हाय म्हणून प्रभू जिवंत, असं तुम्हीच सांगता. मग ह्यांचा तरी देह कुठं हाय?" फादर म्हणाले, "बाय, नुसत्या रिकाम्या कबरीवर आपली श्रद्धा उभी नाही. प्रभू शिष्यांना पुन्हा भेटला, किनाऱ्यावर त्यांच्यासोबत जेवला. पाहणाऱ्यांनी तशी साक्ष दिली." "ह्ये भेटले, की मीबी देईन," वहिनी म्हणाली. मिस्सा झाली नाही. तिने विधवेचे काळे कधीच नेसले नाही. मागल्या वर्षी तिला पुरले, तेव्हा मी मिस्सेत दोघांचीही नावे घ्यायला सांगितली. नाही म्हणणारे आता कोणी उरले नव्हते.