शुक्रवारचा सात ते आठचा तास

इल्मोच्या दारापुढचं नवं पायपुसणं पाहून ताउनो हार्युलाला अक्षरशः शिसारी आली. इतकी वर्षं तिथे इल्मोने जुन्या शर्टांच्या चिंध्या विणून केलेली पट्टी असायची. आता इंद्रधनुष्याच्या रंगांचं झगझगीत प्लॅस्टिकचं पायपुसणं आलं होतं आणि कोणाच्या तरी बुटांचा बर्फाळ चिखल त्यावर साचला होता. दारावर त्याच रंगांचा एक छोटा झेंडाही होता. इल्मोने हयातभर दारावर स्वतःचं आडनाव सोडून काही लावलं नव्हतं, तेही टपाल यावं म्हणून.

ताउनो चौथ्या मजल्यावर राहतो. वय चौऱ्याहत्तर. फिनलंडमधल्या ताम्पेरे शहराची बस चालवण्यात उमर गेली, त्यामुळे माणसांकडे आरशातून बघायची सवय. इल्मो दुसऱ्या मजल्यावर राहायचा, बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचा. दोघांनी एकाच इमारतीत दोन फ्लॅट घेतले, कारण त्या काळी दोन पुरुषांनी एका दारावर दोन आडनावं लावली असती तर शेजाऱ्यांनी चहाड्या करून जगणं नकोसं केलं असतं. चाळीसेक वर्षं दोन विजेची बिलं, दोन फ्रीज, दोन नाताळची झाडं. माणूस मात्र बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडायचा.

आणि शुक्रवारी दोघं तळघरात सापडायचे. सोसायटीचा सॉना, म्हणजे वाफेत अंग शेकायची लाकडी खोली, तिथे आहे. प्रत्येक फ्लॅटला आठवड्यातला एक तास ठरलेला, आणि हा तास कोणी कोणाला सहजासहजी देत नाही. माणसं एक वेळ गाडी उसनी देतील, सॉनाचा तास नाही. ताउनोचा शुक्रवारी सहा ते सात, इल्मोचा सात ते आठ. पहिल्या वर्षी इल्मो सातला पाच मिनिटं कमी असताना यायचा आणि ताउनो सातवर पाच मिनिटं झाल्यावर जायचा. पुढे पाचाची दहा झाली, दहाची तीस. शेवटी दोघं सहालाच आत शिरायचे आणि आठला लाल होऊन बाहेर पडायचे. वरच्या फळीवर शेगडीच्या बाजूचा कोपरा इल्मोचा. कारखान्यात वाकून वाकून त्याची कंबर गेली होती, तिला तिथली वाफ मानवायची. पाणी टाकायचा लाकडी डाव त्याच्याच हातात. ताउनोने कधी शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकायला हात पुढे केला तर म्हणायचा, "तू बस चालव, बाबा. इथला ड्रायव्हर मी."

आठचा तास तळमजल्यावरच्या तेलेर्वोचा. ही म्हातारी जिन्यात आली की खोकायची. सर्दी असो नसो, खोकायचीच. मग आतली दोघं टॉवेल गुंडाळून बाहेर येत, ती "गारठा आहे आज," म्हणे, ताउनो "आहे खरा," म्हणे, आणि आठवडा संपे. सगळ्या इमारतीला सगळं ठाऊक होतं आणि कोणी तोंडातून ब्र काढत नव्हतं. यालाच इथे चांगला शेजार म्हणतात. ताउनोही तसंच म्हणत आला, मागच्या वसंतात इल्मो जाईपर्यंत.

अंत्यविधीला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला इल्मोचा भाचा रास्मुस. ताउनो तिसऱ्या बाकावर, शेजाऱ्यांबरोबर. विधी आटोपल्यावर सगळी इमारत रांगेने रास्मुसपाशी गेली. "तुझ्या दुःखात सहभागी आहे," म्हणत प्रत्येकाने त्याचा हात हातात घेतला. मामाकडे हा पठ्ठ्या पाच वर्षांत फिरकला नव्हता. ताउनोपाशीही माणसं थांबली, नाही असं नाही. कोणी म्हणालं, "सुंदर फुलं होती." कोणी म्हणालं, "गारठा आहे." हात कोणी पुढे केला नाही. त्याच दिवशी, कॉफी आणि सँडविचच्या टेबलाशी, दुसरं कोणी विचारीना म्हणून ताउनोने रास्मुसला सगळं सांगितलं. दोन मजले, दोन झाडं, शुक्रवार. भाचा मान हलवत ऐकत होता. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं त्याने.

त्या पाण्याचं काय झालं ते हिवाळ्यात कळलं. शहराने या वर्षी थंडीत समलिंगी पर्यटकांना बोलवायचं मनावर घेतलं होतं. बसथांब्यांवर रंगीत पोस्टरं लागली, तीन नंबरची बस आख्खी रंगवून काढली. याच तीन नंबरच्या मागच्या काचेवर एकदा कोणीतरी धुळीत बोटाने ताउनोच्या नावाने शिवी लिहिली होती. डेपोतली पोरं ती वाचून हसली, धुतली कोणीच नाही. ताउनो ती शिवी दिवसभर गावभर फिरवत होता. आता त्याच बसवर बदाम काढलेले. पाहिलं की त्याच्या मस्तकात तिडीक जायची. आणि रास्मुसने वारसाने मिळालेला मामाचा फ्लॅट पर्यटकांना भाड्याने द्यायला काढून जाहिरात टाकली होती, ती तेलेर्वोच्या नातीने फोनवर दाखवली: "दोन पुरुष, दोन मजले, एक सॉना. चाळीस वर्षांचं मूक प्रेम जिथे फुललं, त्याच फळीवर बसा."

ताउनोने ती एकदाच वाचली. मग बेसिनपाशी जाऊन चूळ भरली.

खरा प्रश्न जाहिरातीचाही नव्हता, तासाचा होता. इल्मो गेल्यापासून शुक्रवारी ताउनो सहाला उतरायचा आणि आठलाच वर यायचा. दुसऱ्या तासात तो वरच्या फळीवर आपल्या जागी बसायचा, शेजारचा कोपरा मोकळा ठेवायचा, आणि डावाने पाणी टाकायचा तेवढंच, जेवढं इल्मो टाकायचा. बाकी चौथ्या मजल्यावर त्याचं जे काही चाललं होतं, त्याला जगणं म्हणायला जीभ रेटत नाही. आता रास्मुसने कळवलं होतं की सात ते आठ त्याच्या पाहुण्यांना हवा. फ्लॅटबरोबर तास येतोच.

विषय सोसायटीच्या सभेत आला. सभा तळघरातच, सायकलींच्या खोलीत. वेलदोड्याचे गोड पाव, थर्मासमधली कॉफी, आणि अध्यक्षीण मार्केत्ता, जिला नियम सांगताना नाकाने कांदे सोलल्याशिवाय करमत नाही.

रास्मुस हसत हसत उभा राहिला. या देशात लहान-मोठे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, त्याचं ताउनोला कधी काही वाटलं नव्हतं. या पोराच्या तोंडचं "तू" मात्र अंगावर पाल पडावी तसं वाटलं.

"हे बघ ताउनो, मला तुझा तास हिसकावून घ्यायचा नाहीये," रास्मुस म्हणाला. "तू ये की! पाहुण्यांबरोबर बस. त्यांना तुझ्यासारखा खरा माणूस भेटला तर ते खूश होतील. कसं पाणी टाकायचं दाखव, जुन्या गोष्टी सांग. मामालाही आवडलं असतं."

"वा!" मार्केत्ता म्हणाली. "किती सुंदर विचार! आता काही लपवायचे दिवस राहिलेत का?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. याच लोकांनी. जन्मभर "गारठा आहे" पलीकडे ज्यांची गाडी गेली नाही, ते सायकलींच्या मधे उभे राहून टाळ्या वाजवत होते, मिशांना साखर लागलेली. जत्रेत अस्वलवाल्याला वाजवतात तशा.

"मला पाहुणे नकोत," तो म्हणाला. "मला तास हवाय."

"अरे, पण तास फ्लॅटचा असतो. एका फ्लॅटला एक." मार्केत्ताने घसा साफ केला. "आता, तेलेर्वोचं आपण केलं होतं. नवरा गेल्यावर तिने मोठा फ्लॅट विकून खाली छोटा घेतला, तरी नवऱ्याचा तास तिच्याकडेच ठेवला. विधवा म्हणून. तुझंही तसं काही असेल तर सांग ना. आम्हाला कोणालाच अडचण नाही. फक्त तू तोंडाने सांगायला हवं. इल्मो तुझा कोण होता?"

सगळ्यांनी माना खाली घालून आपापल्या कपात बघितलं. तेलेर्वो मांडीवरचे पावाचे कण एकेक वेचत होती.

एक शब्द टाकला की तास मिळत होता. शब्द ताउनोच्या तोंडात होता, चाळीस वर्षं होता. पण तेलेर्वोला हे कोणी विचारलं होतं का, की तुझा नवरा तुझा कोण? चर्चमध्ये ज्यांना त्याचा हात धरवला नाही, त्यांना आता हा शब्द ऐकायचा होता, पावाबरोबर, कॉफीबरोबर, आणि मग मोठ्या मनाने मान डोलवायची होती. त्याला त्या सगळ्यांची किळस आली. स्वतःचीही आली, कारण घशाशी आलेलं बाहेर पडेना.

"शेजारी," तो म्हणाला.

"मग नियमच," मार्केत्ता म्हणाली, आणि पुढचा विषय गटारांचा निघाला. ताउनो उठून जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत चढून गेला. लिफ्टमध्ये त्याला कोणाबरोबर उभं राहायचं नव्हतं.

सभेनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सहाला तो आपल्या तासाला उतरला. सात वाजले. उठायला हवं होतं. तो उठला नाही. येतील तेव्हा बघू, म्हणत बसून राहिला. पाहुणे वाट चुकून सायकलींच्या खोलीत हिंडत असावेत, कारण साडेसात उलटून गेल्यावर दार उघडलं. पोर्तुगालचे दोघे, एक पन्नाशीचा टकला आणि एक तरुण, दाढीवाला. दोघेही पोहायच्या रंगीत चड्ड्यांमध्ये. तरुणाच्या एका हातात पिशवीत गुंडाळलेला फोन, दुसऱ्यात कसल्याशा अत्तराची बाटली. अंग न धुता, कोरडे ठणठणीत, फळीवर चढायला निघाले होते.

ताउनोला बस चालवण्यापुरतं इंग्रजी येतं. "बाहेर," तो म्हणाला. "चड्डी काढा. अंघोळ करा. टॉवेल खाली घेऊन बसा. फोन बाहेर. ते अत्तर संडासात ओता."

तरुण काहीतरी बोलणार होता, पण टकल्याने त्याचा दंड धरला आणि दोघे मुकाट्याने बाहेर गेले. परत आले ते ओले, नागडे आणि शाळकरी पोरांसारखे लाजलेले. ताउनोने डावभर पाणी दगडांवर टाकलं. वाफ चढली तसा तरुण धापा टाकायला लागला आणि त्याने दार थोडं किलकिलं केलं. एरवी वाफ घालवायच्या या गुन्ह्याबद्दल ताउनोने त्याला हाकललंच असतं. पण तेवढ्यात टकला वरच्या फळीवर, शेगडीच्या बाजूच्या कोपऱ्याकडे सरकला, आणि ताउनोचा तळवा फाडकन त्या फळीवर पडला.

"तिथे नाही."

टकला दचकला. "माफ करा. कोणी येणार आहे का?"

"नाही."

"जाहिरातीतली फळी ती हीच का?" तरुणाने खालून विचारलं. त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. होती तर थोडी भीतीच. तरी 'जाहिरात' हा शब्द या लाकडाजवळ उच्चारला गेला याने ताउनोच्या तोंडाला कडवट चव आली. ही काय दाखवायची चीज आहे? इथे एक माणूस बसायचा. कंबर शेकायचा. डाव कोणाला द्यायचा नाही. शुक्रवारी काळं सॉसेज आणि लिंगनबेरीच्या आंबट लाल फळांचा मुरंबा आणायचा आणि मुरंबा स्वतःच संपवायचा.

"मग जागा कोणाची आहे?" टकल्याने हळू विचारलं.

"माझ्या नवऱ्याची," ताउनो म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच दगडांकडे बघत राहिला. टकला खालच्या फळीवर उतरला, तरुणाच्या शेजारी बसला, आणि दोघांनी तो कोपरा सोडून सगळीकडे बघितलं. ताउनोने आणखी एक डाव टाकला, इल्मो टाकायचा तेवढाच.

किलकिलं दार पूर्ण उघडलं. तेलेर्वो उभी होती, अंगात झगा, हातात बादली. आज जिन्यात खोकली नव्हती. शाळेत इंग्रजी शिकवण्यात तिची हयात गेली होती.

"काय म्हणालास?" तिने विचारलं.

"ऐकलंस ना."

"ऐकलं. सभेत म्हणाला असतास तर त्या भाच्याचं तोंड बघायला मिळालं असतं."

"तुम्हा सगळ्यांना ते त्या तोंडासाठीच हवं होतं. म्हणून म्हणालो नाही."

तेलेर्वोने बादली खाली ठेवली, टॉवेल गुंडाळून खाली उतरलेल्या ताउनोपुढे हात केला आणि चर्चमध्ये म्हणतात तसं, सरळ उभी राहून म्हणाली, "तुझ्या दुःखात सहभागी आहे, ताउनो."

ताउनोने त्या हाताकडे बघितलं. फार उशिरा आलेला, सुरकुतलेला, पावाचे कण वेचणारा हात. त्याचा राग गेला नव्हता. तरी त्याने तो घेतला, आणि मग त्याला लवकर सोडवेना.

"बरं," तेलेर्वो शेवटी म्हणाली आणि हात सोडवून घेतला. "आता निघ, आणि या दोघांनाही घेऊन जा. आठ वाजले. तुझ्या नवऱ्याचा तास संपला, माझ्या नवऱ्याचा सुरू झाला."