रुपया बोलतोय

"मशीन थांबव बेटी, रुपया बोलतोय."

दिवसातून दहादा तरी चाचा हे म्हणायचे. मी शिलाई मशीनवरचा पाय उचलायचे. मग ते जुना चांदीचा रुपया काळ्या दगडावर टाकायचे, डोळे मिटून ऐकायचे नि सांगायचे, "असली." त्यांच्या शब्दावर सराफ भाव करायचा.

तुमच्यापैकी कुणी औरंगाबादच्या सराफ्यात गेलं असेल तर त्यांना पाहिलं असेल. मी चंद्रपूरकडची, सातवीतून शाळा सुटलेली. नवऱ्याचं वाळूजमधलं काम गेलं तेव्हा चाचांनीच सराफाला सांगून मला दुकानाच्या ओट्यावर बसवलं. दागिन्यांचे बटवे शिवायला.

दुष्काळ लागोपाठ दुसऱ्या वर्षी पडला. खेड्यांतल्या बाया गळ्यातल्या माळांमधले निजामाच्या वेळचे रुपये काढून आणू लागल्या. कुणी चिंचेनं घासून आणला की चाचा म्हणायचे, "मावशी, गावात पाणी नाही आणि रुपयाला आंघोळ?"

समोर रस्ता रुंद होत होता. दिवसभर फोडाफोडी.

एकदा माझा दोरा तुटला होता. मशीन बंदच होतं. चाचा म्हणाले, "मशीन थांबव बेटी."

मी तुटलेला दोरा हातात धरून त्यांच्या कानाकडं पाहिलं.

समोर वैजापूरकडची म्हातारी होती. तिचा रुपया दगडावर खणकन वाजला. चाचांनी तो बाजूला सारला. "हा नाही, मावशी."

"आवो, माझ्या सासूच्या गळ्यातला हाय ह्यो."

मी म्हटलं, "चाचा, परत वाजवा."

त्यांनी वाजवला. या वेळी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हणून मान हलवली.

"असली."

पुढं तसंच चाललं. कुणाला कळलं नाही. मला मात्र जेवण जाईना. चांदीतलं मला काय कळतं? पण सराफाचा पैसा नि बायांची चांदी माझ्या मानेवर होती.

मग कडेवर लेकरू घेतलेली एक पोरगी आली. एकच रुपया. दगडावर तो ठप्प पडला. ती माझ्याकडंच बघत होती. मी मान हलवली. हो.

चाचांनी बराच वेळ माझं तोंड पाहिलं. रुपया तिच्या हातात परत ठेवला. "खोटा आहे, बेटी. लेकराच्या गळ्यात घाल, शोभेल."

ती गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "मान हलवलीस, पण कान लाल झाले तुझे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सराफाला सांगितलं की आता ऐकू येत नाही. माझं नाव घेतलं नाही. जाताना तो काळा दगड माझ्या मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला. "लई नाचतं हे."

मशीन तेव्हापासून हललं नाही. चाचा पुन्हा सराफ्यात दिसले नाहीत.

त्या दिवशी मी माफी मागितली होती. पण हळू आवाजात, आणि ते पाठमोरे झाल्यावर.