डाळीच्या पिशव्या आणि एकोणीस पायऱ्या

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे आठ. हजर: मी, बायको, माझी माय, न बोलावता आलेल्या शेजारच्या काकू आणि आमची दहा वर्षांची लेक. ठिकाण: खामगावातलं आमचं घर, गच्चीचा जिना. काम: लेकीनं स्वतःचं दप्तर पाठीवर घेऊन एकोणीस पायऱ्या चढायच्या. तिचा पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर, आणि जूनपासून तिचं दप्तर मैत्रीण वाहत होती. लेकीला ते नको होतं. आज जमलं तर सोमवारपासून दप्तर तिचं तीच नेणार, असं ठरलं होतं.

लेकीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. छातीत चिकट कफ बसतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, घामातून मीठ फार जातं. मशीनची वाफ, छाती मोकळी करणं, जेवणाआधीच्या कॅप्सूल, अशी यादी कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे. पावसाळ्यात त्या यादीत एक ओळ वाढली. फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, हिच्या हातापायांत ताकद यायला हवी. हलकं वजन, आठवड्यातून तीनदा. उचलताना श्वास रोखायचा नाही, फुंकर सोडायची. डंबेल शोधत बसण्यापेक्षा मी जुन्या पँटच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या आणि तुरीची डाळ मोजून भरली. आधी अर्धा किलो, मग पाऊण, दिवाळीनंतर एक. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नोंदीशिवाय मला चैन पडत नाही. व्यायाम मी कामावर असताना व्हायचा, आकडे लेक सांगायची, मी लिहायचो.

मायला हे मुळीच पसंत नव्हतं. "लेकरू आधीच काडीसारखं, अन् तू तिले हमाल बनवून राह्यला?"

त्या सकाळी दप्तर तोलायला मी काकूंच्या किराणा दुकानातला काटा आणला. दप्तर तीन किलोला थोडं कमी भरलं. हाताशी काटा होताच, म्हणून पिशव्याही ठेवल्या. एक सातशे ऐंशी ग्रॅम, दुसरी सातशे साठ.

"काकू, काटा बिघडला तुमचा."

"काट्याले काऊन नावं ठेवता, भाऊ? अख्खी गल्ली त्याच्यावर साखर नेते."

मी पिशवी उलटी केली. एका कोपऱ्यात शिवण पांढऱ्या दोऱ्याची होती. मी काळा वापरला होता. माय फाटकाकडे पाहू लागली.

"माय?"

"म्या काढली. मूठ-मूठ. लेकराचे हात दुखतीन म्हून."

"अन् डाळ?"

"वरणात घातली. तूच तं वरपली."

बायको हसत पायरीवर बसली. मी मात्र नोंदवही उघडली. महिनाभराची नोंद खोटी, लेक किलोपर्यंत पोचलीच नाही, आणि मी तिला जिन्यापुढे उभं केलं होतं.

"मले माहीत होतं," लेक म्हणाली. "पिशवी ढिली लागे. म्हणून मी दोन्ही पिशव्या एकाच हातात धरत होती."

"सांगितलं काऊन नाही?"

"तू आजीले बोलला असता."

दोन्ही मिळून दीड किलोच्या वर. मी ताईंना फोन लावला. त्या आधी पोटभर हसल्या, मग रागावल्या: विचारल्याशिवाय वजन वाढवायचं नाही. जिन्याला हरकत नाही, मधे थांबू द्या.

लेक निघाली. मागोमाग माय, दोन्ही हात पुढे धरून, पिकलं सीताफळ झाडावरून पडणार असल्यासारखी.

"हात काढ आजी, गुदगुल्या होतात!"

बाराव्या पायरीवर लेक थांबली, खोकली. आरशावर तोंडाची वाफ सोडावी तशा दोन फुंकरा मारल्या आणि पुन्हा चढू लागली. वर गेल्यावर दप्तर न उतरवताच तिनं गच्चीला फेरी मारली. माय कठड्यावरून काकूंना ओरडून सांगत होती, "चढली व माय, चढली!" मग मला म्हणाली, "एखादं पुस्तक राह्यलं असन तं भर अजून." किती मिनिटं लागली ते वहीत नाही. घड्याळ पाहायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी यादी केली. काटा परत दिला. डाळ मोजून भरली, पिशव्या मायनंच शिवल्या, काळ्या दोऱ्यानं. तिसरी ओळ होती: मैत्रिणीला सांगणे. ती पोरगी एक दप्तर पाठीवर, एक पोटाशी धरून ऐटीत चालायची.

"बाबा, तू सांग ना. तिले वाईट वाटन."

"दप्तर तुझं, सांगणंही तुझंच."

सोमवारी मैत्रीण नेहमीसारखी फाटकात आली, हात पुढे करून. लेकीनं दप्तर पाठीवर घेतलं आणि त्या हातात पाण्याची बाटली दिली. दोघी शाळेकडे निघाल्या. तोंडानं सांगणं राहिलंच, म्हणून तिसऱ्या ओळीपुढची खूण अजून व्हायची आहे.