पाहुण्यांचं वायफाय

जुईनगरच्या आमच्या कॉलेजात बाहेरच्या कॉलेजातल्या माणसांनाही वायफाय मिळतं. त्यांनी फक्त आपापल्या कॉलेजचा आयडी-पासवर्ड टाकायचा. तिकडून होकार आला, की इकडे नेट सुरू. मी लायब्ररीत असते, त्यामुळे असे पाहुणे माझ्याच टेबलासमोर येऊन उभे राहतात.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत उलव्याहून एक सर यायचे. लांबच्या कुठल्याशा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे दरवर्षी नेमणुकीच्या नव्या ऑर्डरची वाट बघणं आलंच. नाव मी कधी विचारलं नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक. आल्या आल्या उभ्यानेच फोन काढायचे, वायफाय बंद करून पुन्हा चालू करायचे आणि श्वास रोखून बघत राहायचे. जोडलं गेलं, की मगच खुर्ची ओढायचे.

"रोज कशाला बंद-चालू करता, सर? ते आपोआप जोडलं जातं," मी एकदा म्हटलं.

एरवी अगदी पुस्तकी बोलणारे सर हसले आणि एकदम गावच्या बोलीत म्हणाले, "ऑर्डरचं कोनी काय सांगत नाय, मॅडम. हे जोडलं, म्हंजे आपन अजून तिथं हाय."

जूनमधल्या एका सकाळी ते बसलेच नाहीत. पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आमचंच नेट गेलंय, सर. सकाळपासून हेच चाललंय," मी म्हणाले, आणि माझा मॉनिटर हळूच भिंतीकडे वळवला. त्यावर नेट व्यवस्थित चालू होतं.