मानेखालचा तळहात

येरमाळ्याच्या स्टँडसमोर एका काकांचं सलून आहे. मी दाढीला तिथंच जातो, पण नाव कधी विचारलं नाही. रोज बुद्धाच्या फोटोसमोर पंचशील अन् मैत्रीची प्रार्थना म्हणतात अन् मगच दुकान सुरू करतात. गिऱ्हाइकाची मान मागं टेकवताना तिच्याखाली तळहात धरतात, तान्ह्या लेकराची धरावी तशी.

एकदा खुर्चीत काकांच्या गावचे एक म्हातारे होते. वयानं त्यांचे हात सारखे थरथरत होते. त्यांना साबण लावत काका मला म्हणाले, "आमच्या आज्याच्या डोक्याला गावात कुणी वस्तरा लावत नव्हतं. म्हणून म्या हेच काम शिकलो."

"राग येत नाही?"

"येतो की. पण तोंडानं मैत्री म्हणायची अन् वस्तरा धरलेल्या हातात राग ठेवायचा, हे जमत न्हाय."

"शिकवलं कुणी?"

काकांनी मानेनं खुर्चीकडं खूण केली. "यांनीच. यांचे वडील गावचे न्हावी, त्यांनी गावाच्या भीतीनं आज्याला परत पाठवलं होतं. यांनी मला बोलावून घेतलं."

 म्हाताऱ्यांनी डोळे मिटले अन् मान त्या तळहातावर सोडून दिली.