शिम्र कर्बलेला जातो

गुदर्ज मेंढ्यांची लोकर कातरायचा, पण इराणातल्या काशानजवळच्या आमच्या गावात त्याला सगळे शिम्रच म्हणत. मोहरमच्या नाटकात इमाम हुसेनांचा गळा कापणारा शिम्र तो व्हायचा आणि, बायकांची कामंही पुरुषच करत असल्याने, बुरखा घेऊन इमामांची बहीण जैनब मी. प्रेक्षकांचे जोडे त्याला बसायचे, मला मात्र डाळिंबं मिळायची!

केस पिकल्यावर आम्ही गावकऱ्यांबरोबर कर्बलेला निघालो. तिथं जाऊन आलेल्याच्या नावाआधी गाव 'कर्बलाई' लावतं. गुदर्जला तेवढा एकच मान हवा होता.

बसमध्ये त्याच्याशेजारी कुणी बसेना. ज्या टेकाडावरून जैनबने भावाचा अंत पाहिला, त्यावर त्याला कुणी चढू दिलं नाही. इमामांच्या दर्ग्याच्या दारात तर साऱ्या गावाची मावशी असलेल्या गुलअंदाम खालाने हातच आडवा घातला.

"इथं कशाला आलास मेल्या? काही कापायचं राहिलं का?"

"खाला, दरवर्षी इमामांसाठी ढसाढसा रडतेस. तुला रडवतो कोण? ही जैनब?" त्याने माझ्याकडे बोट केलं. "हिचं गाणं ऐकून तर शेळ्यासुद्धा पळतात!"

मला हसू फुटलं. खालाला नाही.

"जा आत," ती म्हणाली. "पुन्हा तोंड दाखवू नकोस."

गावी परतल्यावर त्याला कुणीच कर्बलाई म्हटलं नाही. पुढच्या मोहरमला त्याने खंजीर उपसला, तसा पुढच्या रांगेतून खालाचा जोडा आला आणि पाठोपाठ तिची किंकाळी:

"कर्बलाई, तुझे हात झडोत!"

खंजीर उगारलेला तसाच ठेवून गुदर्ज हमसून हमसून रडू लागला, आणि मला माझं पुढचं वाक्य आठवेना.